कंबरदुखी घेऊन बेळगावात ॲक्युपंक्चर शोधताना

आईने तीस वर्षं मागासाठी धाग्याच्या कांड्या भरल्या. बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीत तेव्हा घरोघरी माग होते. पहाटेपासून खटखट सुरू व्हायची आणि आई चरख्यापुढे पाट टाकून बसायची. पुढे माग विकले, पण कंबरदुखी घरातच राहिली. तीन वर्षांपूर्वी तिची डावी बाजू कंबरेपासून पोटरीपर्यंत धरायला लागली. दुखायचं थांबवणाऱ्या गोळ्यांनी चार तास बरं वाटायचं, मग पोटात जळजळ सुरू व्हायची. अशा गोळ्या महिनोन् महिने घेतल्या तर जठराला आणि मूत्रपिंडाला त्रास होतो, हे डॉक्टरांनीच सांगितलं. तेव्हा कोणीतरी ॲक्युपंक्चरचं, म्हणजे अंगावर ठरावीक जागी बारीक सुया टोचून दुखणं हलकं करण्याच्या उपचाराचं, नाव काढलं.

त्यानंतरच्या वर्षभरात मी जे शिकले ते इथे लिहिते आहे. खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, येळ्ळूर, उचगाव अशा ठिकाणांहून आईवडिलांना घेऊन मोठ्या गावात उपचाराला येणाऱ्यांसाठी हे आहे. भात लावणीने मोडलेली कंबर, निपाणीत विड्या वळून आखडलेली मान, दिवसभर दुचाकीवर फिरून धरलेला खांदा, ही दुखणी आपल्याकडे घरटी आहेत. सुईने यातलं काही हलकं होतं, काही होत नाही. कुणाच्या हातात सुई द्यायची ते मात्र आपणच पारखायचं असतं, आणि आपल्या दुखण्याचा हिशेबही आपणच ठेवायचा असतो.

आधी दुखण्याचं नाव कळू द्या

सुईवाल्याकडे जाण्याआधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर बेळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या ओपीडीत दाखवा. सकाळी लवकर गेलात तर दुपारपर्यंत काम होतं. आईच्या एमआरआयमध्ये मणक्याच्या खालच्या भागातली गादी सरकून नस दाबली गेल्याचं दिसलं. म्हणजे सायटिका. हे नाव कळल्यावरच पुढच्या सगळ्या प्रश्नांना अर्थ आला.

काही लक्षणं दिसली तर मात्र ॲक्युपंक्चरचा विचारही करू नका, थेट हॉस्पिटल गाठा. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पाऊल उचललं न जाणं, ही घाईची लक्षणं आहेत. यात दिवससुद्धा घालवायचा नसतो. संध्याकाळचा ताप, रात्री जास्त होणारं दुखणं आणि वजन उतरणं हे एकत्र दिसलं तर मणक्याचा टीबी असू शकतो. आपल्या देशात तो दुर्मीळ नाही आणि त्याची तपासणी व औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पूर्वी कॅन्सर झालेल्या माणसाला नवीन कंबरदुखी लागली तर आधी डॉक्टर. छातीत दाब येऊन डावा हात दुखत असेल, तर तो खांद्याचा त्रास समजून सुया टोचून घेत बसू नका. तोंड अचानक वाकडं होणं, हात गळणं, बोबडी वळणं याचंही तसंच. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. सुईने लकवा बरा होतो असं ऐकून लोक पहिला दिवस घालवतात आणि तोच दिवस महत्त्वाचा असतो. हे मी कळकळीने लिहिते आहे.

सुई कुठे उपयोगी पडते

चीनमध्ये ही पद्धत हजारो वर्षांपासून चालत आली आहे. तिथल्या परंपरेप्रमाणे शरीरात ‘ची’ नावाची शक्ती ठरावीक वाटांनी वाहते आणि त्या वाटांवर ३६१ बिंदू आहेत. आजचं शरीरशास्त्र त्या वाटा दाखवू शकलेलं नाही. ज्या गोष्टी मोजता आल्या त्या अशा: सुई त्वचेखालच्या आणि स्नायूतल्या नसांना चेतवते, मेंदूकडून एंडॉर्फिनसारखी वेदना कमी करणारी द्रव्यं सुटतात आणि सुईच्या आसपासच्या पेशींतही वेदना कमी करणारे बदल होतात.

आपल्याकडे ही विद्या आली ती एका जुन्या नात्यातून. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला मदतीला गेलं होतं. त्यात आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, ते तिथेच वारले. त्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू परतले. पुढे पुन्हा चीनला जाऊन ते ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ पासून त्यांनी ते भारतात सुरू केलं. आईला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तिची अर्धी भीती गेली. परक्या देशाची विद्या असली तरी ती आणणारा माणूस कोटणीसांच्या बरोबरचा, एवढं तिला पुरलं.

पुरावा किती, हेही सरळ सांगायला हवं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात ३९ चाचण्यांतले वीस हजारांहून जास्त रुग्ण होते. पाठ, मान, गुडघा आणि डोकेदुखी यांच्या जुनाट दुखण्यात खऱ्या सुयांनी खोट्या, म्हणजे नुसतं टोचल्यासारखं केलेल्या, सुयांपेक्षा थोडा जास्त आराम पडला आणि त्यातला बराचसा वर्षभर टिकला, असं त्यात दिसलं. ‘थोडा’ हा शब्द लक्षात ठेवा. ब्रिटनच्या नाइस या उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये अर्धशिशी आणि ताणाच्या डोकेदुखीसाठी ५ ते ८ आठवड्यांत १० बैठकांपर्यंत ॲक्युपंक्चर सुचवलं, पण कंबरदुखीसाठी २०१६ मध्ये नको म्हटलं. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संस्थेने २०१७ मध्ये त्याच कंबरदुखीसाठी ते आपल्या शिफारशींच्या यादीत घेतलं. जाणकारांचंच जिथे एकमत नाही तिथे ‘शंभर टक्के बरं करतो’ म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरावं, असं माझं ठाम मत आहे.

साखर, थायरॉईड, दमा, कॅन्सर, मूल न होणं, लहान मुलांचा मतिमंदपणा ‘मुळापासून’ बरा करण्याच्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. केमोनंतरच्या मळमळीला सुईने उतार पडतो, तेवढं खरं. पण केमोऐवजी सुई कधीच नाही. आणि कुणाच्याही सांगण्यावरून चालू औषध, विशेषतः साखरेचं, ब्लड प्रेशरचं आणि फिटचं, परस्पर बंद करू नका.

कुठल्या गावात जायचं

आपण सीमेवरची माणसं, त्यामुळे शहर निवडताना आधी बसचं तिकीट बघायचं. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटरच्या आसपास पडतं आणि बेळगाव जवळजवळ दुप्पट. खानापूरकरांना बेळगाव २५-२६ किलोमीटरवर. पुणे साडेतीनशे किलोमीटरच्या घरात आहे, तिथे आठवड्यातून दोनदा कोण जाणार? आमच्या एका नातेवाइकांनी मोठं नाव ऐकून पुण्याची वाट धरली. रात्रभर बसमधून हादरे खात जायचं, अर्धा तास सुया, पुन्हा रात्रभर हादरे. चार फेऱ्यांत कंबर जास्तच धरली. ॲक्युपंक्चर हा एका बैठकीचा उपचार नाही. आठवड्यातून एक-दोन वेळा आणि सलग महिना-दीड महिना जाता येईल तेच तुमचं शहर. दूरच जायचं असेल तर तिथे नातेवाइकांकडे तीन आठवडे मुक्काम होतोय का ते बघा.

बायकांसाठी एक सोय आहे. जून २०२३ पासून कर्नाटकच्या साध्या आणि एक्सप्रेस सरकारी बसमध्ये राज्यातल्या महिलांना शक्ती योजनेखाली मोफत प्रवास आहे. कर्नाटकातला पत्ता असलेलं आधार जवळ ठेवा. खानापूर किंवा चिक्कोडीहून बेळगावला येणाऱ्या आईचा प्रवासखर्च त्यामुळे वाचतो. कोल्हापूरला जाणाऱ्या आंतरराज्य बसला ही सवलत नाही. निपाणीकरांनी म्हणूनच दोन्हीकडचा हिशेब मांडून बघावा.

बेळगावातल्या नेहरूनगरात पारंपरिक उपचारांवर काम करणारी केंद्राची राष्ट्रीय संस्था आहे, आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची. पुष्कळ जण तिथे जाऊन सुया टोचून मिळतील का विचारतात. ती मुख्यतः संशोधनाची संस्था आहे, तेव्हा पाटी वाचून रांगेत उभे राहू नका.

सुई कुणाच्या हातात आहे

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा.

आमचा पहिला अनुभव वाईट होता. एका ठिकाणी गेलो. आत गर्दी, भिंतीवर देवदेवतांचे आणि नेत्यांबरोबरचे फोटो. आमचा एमआरआय कोणी उघडूनसुद्धा बघितला नाही. ‘पंधरा बैठकांचं पॅकेज, आगाऊ भरलं तर सवलत’ म्हणाले. मी भरले. सुया आल्या त्या स्टीलच्या उघड्या ट्रेमधून. मी विचारलं, ‘या नवीन आहेत का?’ उत्तर आलं, ‘निर्जंतुक केलेल्या आहेत, काळजी नको.’ तिसऱ्या बैठकीनंतर आम्ही जाणं सोडलं. पैसे परत मिळाले नाहीत. त्याहून वाईट म्हणजे पुढे कावीळ बी आणि सीच्या तपासण्या करून रिपोर्ट येईपर्यंत मला झोप नव्हती. रिपोर्ट चांगले आले. पण त्या रात्री मी विसरलेले नाही.

म्हणून आता नियम असा: सुई एकदाच वापरायची आणि पाकीट आपल्यासमोर फोडायचं. या सुया इतक्या स्वस्त असतात की त्या पुन्हा वापरायला काही कारणच नाही. पाकिटावर निर्जंतुक केल्याची खूण आणि मुदत छापलेली असते, ती वाचा. काढलेली सुई पांढऱ्या, आरपार दिसणाऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात जायला हवी. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत टोकदार वस्तूंसाठी तसाच डबा सांगितला आहे. खोलीत शिरल्यावर आधी तो डबा शोधा. तो नसेल तर चपला घालून बाहेर पडायला लाजू नका.

आता माणसाबद्दल. केंद्र सरकारने २००३ मध्ये ॲक्युपंक्चरला उपचाराची एक रीत म्हणून आणि २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने वेगळा कायदा करून आपली ॲक्युपंक्चर परिषद नेमली आहे. कोल्हापूर किंवा पुण्याला जाणार असाल तर तिथे त्या परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. बेळगावात तुम्हाला वेगवेगळे लोक भेटतील. एक, बीएनवायएस झालेले डॉक्टर. निसर्गोपचार आणि योगाची ही साडेपाच वर्षांची पदवी आहे, तीत ॲक्युपंक्चर शिकवलं जातं आणि कर्नाटकात या डॉक्टरांची सरकारदरबारी नोंदणी होते. दुसरे, एमबीबीएस किंवा आयुर्वेदाचे डॉक्टर, ज्यांनी नंतर हे शिक्षण घेतलं. तिसरे फिजिओथेरपिस्ट. त्यांची ‘ड्राय नीडलिंग’ दिसायला तशीच, सुईही तीच, पण ती आखडलेल्या स्नायूच्या गाठीत घालतात आणि तिचा विचार वेगळा आहे. मान-खांद्याच्या गाठींना ती चांगली लागू पडते. आणि चौथे, काही महिन्यांचा डिप्लोमा केलेले. यांच्यातही चांगले हात आहेत, पण इथे चौकशी दुप्पट करा.

फोनवरच विचारून घ्या: तुमचं शिक्षण काय, किती काळाचं, नोंदणी क्रमांक कोणता? सुया कोण लावणार, तुम्ही की मदतनीस? माझ्या आईसारख्या दुखण्यात किती बैठकांनंतर फरक दिसत नसेल तर तुम्ही थांबा म्हणता? हा शेवटचा प्रश्न माझा आवडता आहे. चांगला माणूस त्याचं उत्तर आकड्यात देतो. आम्हाला नंतर ज्या डॉक्टर भेटल्या त्या म्हणाल्या, ‘सहा बैठकांत काहीच हललं नाही तर मी पैसे घेणार नाही, दुसरीकडे पाठवीन.’ तिथेच मी ठरवलं. खासगी दवाखान्यांना कर्नाटकात २००७ च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते. ते प्रमाणपत्र दर्शनी भिंतीवर आहे का, तेही बघा.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी या गोष्टी आपण आधी सांगायच्या: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, पेसमेकर आहे का, गर्भ राहिला आहे का, फिट येते का, नुकताच डेंग्यू होऊन प्लेटलेट्स उतरल्या होत्या का, छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन हात सुजतो का. पेसमेकर असेल तर सुयांना करंट जोडणारं यंत्र नको. गरोदरपणात अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला आणि घोट्याच्या वरचा असे काही बिंदू टाळतात.

दुखणं सांगायचं कसं

बेळगावात डॉक्टर मराठी जाणणारे असतीलच असं नाही. कन्नड बोलणारे, इंग्रजीत शिकलेले पुष्कळ. आई त्यांच्यापुढे बसली की म्हणायची, ‘दुखतंय.’ आणि गप्प. घरी मात्र तिच्याकडे दुखण्याचे दहा शब्द होते. ‘कंबरेत ठणका लागतोय गे, मांडीतनं चमक उतरते आणि पोटरीला मुंग्या. पाऊल तर कधी कधी माझं नव्हेच असं वाटतंय बघ.’ या एका वाक्यात रोगाचा नकाशा आहे. ठणका म्हणजे खोलवर धपधपणारं, चमक म्हणजे क्षणात विजेसारखं जाणारं, कळ म्हणजे एका जागी घट्ट धरून ठेवणारं, ठसठस म्हणजे सुजेतलं. मुंग्या, बधिरपणा आणि आग हे नसेचे शब्द आहेत, ते डॉक्टरांपर्यंत पोचायलाच हवेत.

जायच्या आदल्या रात्री बसून हे कागदावर उतरवा. कुठून सुरू होतं, कुठपर्यंत जातं, सकाळी की रात्री, वाकल्यावर की उभं राहिल्यावर, खोकताना वाढतं का. सोबत शिकलेलं माणूस न्या. आणि कन्नडचे चार शब्द आईला शिकवून ठेवा. दुखणं म्हणजे नोवु, बधिरपणा म्हणजे जोमु, आग म्हणजे उरी, आणि सगळ्यात महत्त्वाचा साकु, म्हणजे पुरे. सुई लावताना सहन होत नसेल तर ‘साकु’ म्हणायचं हे आईला पाठ होतं. एकदाच म्हणाली, आणि डॉक्टरांचा हात तिथेच थांबला.

पहिला दिवस

उपाशी जाऊ नका. रिकाम्या पोटी, घाबरलेल्या माणसाला सुई लागताच घेरी येऊ शकते. दोन तास आधी हलकं जेवण, पाणी, आणि मांडीपर्यंत वर सरकेल असे कपडे. आई नऊवारी सोडून त्या दिवशी माझा सैल पंजाबी ड्रेस घालून आली होती. पहिली बैठक झोपूनच घ्या.

डॉक्टरांनी जवळजवळ पाऊण तास नुसतं विचारलं आणि तपासलं. जीभ बघितली, नाडी बघितली, मग एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. आईला पालथं झोपवेना म्हणून उजव्या कुशीवर घेतलं आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी दिली. पंखा बंद केला. मग माझ्यासमोर पाकीट फाडलं, कागद सोलल्याचा बारीक आवाज आला. सुई ०.२५ मिलिमीटर जाडीची. इंजेक्शनची नेहमीची सुई तिच्या दुप्पट जाड असते आणि पोकळ असते. ही भरीव, केसासारखी आणि लवचिक. स्पिरिटने जागा पुसली, प्लास्टिकची छोटी नळी टेकवली आणि बोटाने टिचकी मारली. ‘लागलं?’ मी विचारलं. आई म्हणाली, ‘डास चावल्यासारखं.’

कंबरेला काही, गुडघ्यामागच्या वळणात एक, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला एक, घोट्याजवळ दोन. गुडघ्यामागची सुई डॉक्टरांनी दोन बोटांत धरून हळूच फिरवली आणि आईच्या पायाचा अंगठा हलला. ‘आत जड झालं गे. ओढ लागली तळव्यापर्यंत.’ मी दचकले, पण डॉक्टर म्हणाल्या, हीच जाणीव हवी असते. जडपणा, ओढ आणि बोथट ठणका चालतो. तीक्ष्ण आग, वीज गेल्यासारखी कळ किंवा धाप लागणं चालत नाही, तसं झालं तर लगेच सांगायचं. छाती आणि पाठीच्या वरच्या भागात सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. असं क्वचित होतं, पण झालं तर गंभीर असतं. म्हणून मान-खांद्याचा उपचार घेणाऱ्याला त्या दिवशी किंवा पुढच्या दोन दिवसांत दम लागला वा छातीत दुखलं, तर ताबडतोब हॉस्पिटल.

२५ मिनिटं आई तशीच पडून होती. हाताशी घंटी दिली होती. मध्येच घोरायला लागली, महिन्यांनी तिला दिवसा झोप लागली होती. सुया काढताना मी मोजल्या. ११ लावल्या होत्या, ११ निघाल्या. हे मोजणं तुम्हीही करा, एखादी कपड्याखाली राहून जाते. एका ठिकाणी रक्ताचा थेंब आला, दोन दिवस काळं-निळं राहिलं, तेवढं चालतं.

तिसऱ्या बैठकीला त्यांनी मोक्सा काढला. वाळलेल्या पानांचा कापसासारखा लगदा गुंडाळून केलेली जाड कांडी पेटवतात आणि त्वचेपासून थोडी दूर धरून शेक देतात. पेटवण्याआधी त्यांनी ती आईच्या हातात दिली. आईने वास घेतला आणि म्हणाली, ‘दवण्याच्या घरातलं वाटतंय.’ ते खरंच होतं. आपण ज्योतिबाला वाहतो तो दवणा आणि मोक्साची वनस्पती एकाच आर्टेमिसिया प्रजातीतल्या. साखरेमुळे पाय बधिर झालेल्यांनी मात्र हा शेक पायावर घेऊ नये, भाजलेलं कळत नाही.

पहिल्या दिवशी घरी जाताना दुचाकी नको, रिक्षाच करा. त्या रात्री दुखणं थोडं वाढलं तर घाबरू नका, एक-दोन दिवसांत उतरायला हवं. सुईची जागा लाल होऊन सुजली, पू झाला किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा.

कॅलेंडरवरचा हिशेब

बैठका संपल्यावर ‘बरं वाटतंय का?’ विचारलं की आपली माणसं ‘हां, जरा बरं हाय’ म्हणतात. डॉक्टरांचं मन राखायला म्हणतात, पैसे भरलेत म्हणून म्हणतात. म्हणून मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात रोज दोन आकडे लिहायला लागले. पहिला, झोपताना शून्य ते दहामध्ये दुखणं किती. दुसरा, आईनेच शोधून काढलेला: आमच्या घरापासून मंगाईच्या देवळापर्यंत जाताना किती वेळा टेकावं लागलं. सुरुवातीला सात वेळा. कुणाच्या कट्ट्यावर, कुणाच्या पायरीवर, एकदा बंद दुकानाच्या फळीवर. गोळी घेतली त्या दिवशी कोपऱ्यात टिंब.

तुमचं मोजमाप तुमच्या कामातलं असू दे. विड्या वळणारीला किती वेळाने हात झटकावे लागतात, शेतकऱ्याला किती सरी वाकून काम होतं, मोटारसायकलवाल्याला कुठल्या रेल्वे गेटपाशी खांदा बोलायला लागतो. एकाच वेळी नवीन गोळी, नवीन तेल आणि सुया सुरू करू नका, कशाने काय झालं ते कळत नाही.

पैशांचा हिशेबही आधी मांडा. समजा बैठकीची फी ४०० रुपये, रिक्षा १५०, आणि सोबत येणाऱ्याची बुडणारी अर्ध्या दिवसाची मजुरी ४००. म्हणजे एक फेरी ९५० ची, आठ बैठका ७,६००. फी तेवढी दिसते, बाकीचं दिसत नाही. प्रत्येक बैठकीचे पैसे त्याच दिवशी द्या, पावती घ्या. दवाखान्यात भरती न होता घेतलेला हा उपचार बहुतेक आरोग्य विम्यांत बसत नाही, पॉलिसी असेल तर आधी विचारून घ्या.

सहाव्या बैठकीला डॉक्टरांपुढे कॅलेंडर ठेवलं. दुखणं आठवरून पाचवर, टेकणं सातवरून चारवर, टिंबं निम्मी. त्यांनी बैठका आठवड्यातून दोनच्या एक केल्या आणि फिजिओथेरपिस्टकडे व्यायाम शिकायला पाठवलं. हे मला फार पटलं. सुईने दुखणं जरा सैल होतं, त्या सैल काळात स्नायू कमावले नाहीत तर ते परत येतं. आई आता रोज सकाळी पलंगावर पंधरा मिनिटं व्यायाम करते, खाली मांडी घालून भाजी निवडत नाही, आणि घागर एका खेपेत दोन उचलत नाही. जिने चढताना डावा पाय अजून धरतो, ते राहिलंच आहे. दहाव्या बैठकीनंतर आम्ही थांबलो आणि दुखणं वाढलं तरच यायचं असं ठरलं.

सहा बैठकांनंतर तुमचे आकडे जागचे हलले नसतील तर तो उपचार तुमच्यासाठी नाही. ‘अजून दहा घ्या’ म्हणाले तरी उठा, आणि कॅलेंडर घेऊन पुन्हा हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

आषाढात मंगाईची जत्रा झाली. आई सकाळी गर्दी होण्याआधी निघाली, मी मागे ओटीचं ताट घेऊन. परत आल्यावर तिने पेन मागून घेतला आणि त्या तारखेच्या चौकोनात स्वतःच्या हाताने २ लिहिलं.